प्रकल्प नोंदी: गावातला प्रस्तावित टॉवर, कानाजवळचा फोन आणि प्रारणांचा प्रश्न

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार

आजच्या ग्रामसभेत टॉवरचा विषय दीड तास चालला आणि निर्णय न होताच संपला. एका दूरसंचार कंपनीने गावठाणाच्या उत्तरेकडील पडीत जागेवर, जिल्हा परिषद शाळेपासून साधारण दोनशे मीटर अंतरावर, चाळीस मीटर उंचीचा टॉवर उभारण्यासाठी ग्रामपंचायतीकडे ना हरकत मागितली आहे. तरुण मुले बाजूने होती, बायकांमध्ये दोन मते होती आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांचा विरोध ठाम होता. एका आजींनी मलाच उभे केले: "टावरनं कॅन्सर होते म्हणते ना म्याडम, तुमी दवाखान्यातल्या, तुमीच सांगा." त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि ते मी सर्वांसमोर कबूल केले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत टिपण मांडण्याचे काम सरपंचांनी उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून माझ्याकडे, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे आणि दोन्ही आशाताईंकडे सोपवले आहे. ही वही त्यासाठीच उघडली.

अभ्यासाला लागण्याआधी माझा स्वतःचा कल लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. गेल्या पावसाळ्यात एका बाळंतीणबाईला रात्री अडीच वाजता रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा १०८ ला फोन लागेपर्यंत तिच्या नवऱ्याला पाण्याच्या टाकीवर चढून उभे राहावे लागले होते. ती वाचली, परंतु ती वीस मिनिटे मी विसरलेली नाही. त्यामुळे टॉवर व्हावा असे मला मनातून वाटते, आणि नेमक्या याच कारणासाठी विरोधातला प्रत्येक मुद्दा मी अधिक काळजीने तपासायला हवा.

६ ऑक्टोबर २०२४

गावात फिरलेल्या पत्रकात टॉवरमधून 'किरणोत्सर्ग' होतो असे छापले आहे. सरांशी बोलताना लक्षात आले की अर्धी भीती या एका शब्दातून आलेली आहे. किरणोत्सर्ग म्हटले की माणसाला युरेनियम, अणुभट्टी आणि हिरोशिमा आठवते. टॉवर आणि फोन यांतून जे निघते त्याला विद्युतचुंबकीय प्रारण म्हणणे योग्य. आकाशवाणीच्या लहरी, चुलीची धग, सूर्यप्रकाश आणि क्ष-किरण ही सगळी प्रारणेच आहेत. त्यांच्यात फरक असतो तो वारंवारितेचा, म्हणजे त्यांच्या प्रत्येक कणाजवळ असलेल्या ऊर्जेचा. मोबाईलच्या लहरी आपल्याकडे साधारण ७०० ते ३५०० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची वारंवारिता त्याहून काही लाख पटींनी जास्त असते, आणि अणूतून इलेक्ट्रॉन उखडून टाकण्याची, पेशीतील डीएनएचे बंध थेट तोडण्याची ताकद त्याही पलीकडे, अतिनील किरणांच्या वरच्या टोकाला सुरू होते. म्हणून मोबाईलच्या लहरींना अनायनकारी म्हणतात.

एवढ्यावरून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत. या लहरी शरीरात शोषल्या जातात आणि त्यांची उष्णता होते, आणि हा त्यांचा एकमेव पक्का सिद्ध झालेला परिणाम आहे. संपूर्ण शरीराच्या दर किलोग्रॅममागे ४ वॅट इतकी शक्ती शोषली गेली तर शरीराचे तापमान सुमारे एक अंशाने वाढू शकते, असे धरून सामान्य लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर, ०.०८ वॅटवर ठेवलेली आहे. बराच वेळ बोलल्यावर कान गरम होतो तो मुख्यतः फोनच्या बॅटरीच्या उष्णतेने आणि फोन चिकटवून धरल्यामुळे कानाला हवा न लागल्याने, हेही आशाताईंना समजावून सांगितले. दोघींनाही ते लहरींमुळेच होते असे वाटत होते, आणि खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटायचे.

१३ ऑक्टोबर २०२४

दसरा कालच झाला. सोयाबीन काढणी जोरात असल्याने घरी कोणी सापडत नाही, म्हणून आज आम्ही माणसांऐवजी सिग्नल मोजला. फोनच्या सेटिंगमध्ये सिमची माहिती उघडली की सिग्नलची ताकद डीबीएम या एककात, उणे चिन्हासह दिसते. आकडा शून्याकडे जितका जवळ तितका सिग्नल चांगला. सध्या आपल्या गावाला सिग्नल मिळतो तो हमरस्त्याजवळच्या गावातील टॉवरवरून, आणि मधे टेकडी आहे. सात जागा निवडल्या. पाण्याच्या टाकीवर उणे ९८, शाळेच्या पटांगणात उणे १०७, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उणे १०९, उपकेंद्राच्या आत उणे ११५ आणि एका आशाताईंच्या मातीच्या जाड भिंतींच्या, टिनाच्या छपराच्या घरात उणे ११८ आले. संत्र्याच्या बागेतील आणि नाल्याकाठच्या वस्तीतील आकडे सतत बदलत होते, म्हणून ते पुन्हा घ्यायचे ठरवले.

संध्याकाळी सरांनी या आकड्यांचा जो अर्थ सांगितला, त्याने माझा सगळा प्रश्नच उलटा फिरला. या मापात दर दहा अंकांचा फरक म्हणजे दहा पट. टाकी आणि ते घर यांच्यात वीस अंकांचा, म्हणजे शंभर पट फरक आहे. फोन हा केवळ ऐकणारा नसून बोलणारा रेडिओसुद्धा आहे, आणि टॉवरपर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी जेवढी गरज असेल तेवढीच शक्ती तो वापरतो. टॉवर जवळ असेल तर तो कुजबुजतो, आणि दूर असेल किंवा मधे भिंत, टिन, टेकडी असेल तर तो ओरडतो. म्हणजे टाकीवर जेवढ्या शक्तीत काम भागते त्याच्या शंभर पटीपर्यंत शक्ती त्या घरात लागू शकते. तेवढी द्यायला फोन असमर्थ ठरला की बोलणे तुटते. फोरजी फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॅट असते. म्हाताऱ्या माणसांजवळचे बटनांचे टूजी फोन ९०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात क्षणिक २ वॅटपर्यंत जातात, परंतु आठ हिश्श्यांतला एकच हिस्सा वेळ ते प्रक्षेपण करत असल्यामुळे त्यांची सरासरी ०.२५ वॅटच्या आसपास येते.

हे ऐकल्यावर दुसऱ्या आशाताई बराच वेळ गप्प होत्या. सिग्नल नाही म्हणून फोन कानावर आणखी घट्ट दाबून, एका कोपऱ्यात उभे राहून बोलणाऱ्या बाईचे शरीर टॉवर नसलेल्या गावात जास्त लहरी शोषते, ही गोष्ट आम्हा चौघांपैकी कोणीही आधी विचारात घेतली नव्हती.

२० ऑक्टोबर २०२४

आचारसंहिता लागल्यामुळे ग्रामपंचायतीची कामे थांबली आहेत. वाचनाला वेळ मिळाला.

कर्करोगाबद्दल सगळीकडे सांगितले जाणारे वाक्य असे की 'जागतिक आरोग्य संघटनेने मोबाईलला कर्करोगकारक ठरवले आहे.' मूळ गोष्ट वेगळी आहे. त्या संघटनेच्या अखत्यारीतील आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२ब' या गटात ठेवले, ज्याचा अर्थ 'कदाचित कर्करोगकारक असू शकेल, पुरावा मर्यादित आहे' असा होतो. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. हा गट धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतो. त्या निर्णयामागे मुख्यतः तेरा देशांत झालेला इंटरफोन हा अभ्यास होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण फोन वापरणाऱ्यांमध्ये मेंदूच्या गाठींचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. परंतु ज्यांनी आयुष्यात एकूण १६४० तासांहून अधिक बोलल्याचे सांगितले, त्या सर्वांत वरच्या दहा टक्क्यांत ग्लायोमा या गाठीचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त आढळले. रुग्णाला 'दहा वर्षांपूर्वी तुम्ही रोज किती वेळ बोलत होता, कोणत्या कानाने बोलत होता' असे विचारून मिळालेल्या उत्तरांवर तो आकडा उभा आहे, आणि आजारी माणूस कारण शोधत असताना आठवण त्या दिशेला झुकते, हे त्या संशोधकांनी स्वतःच लिहिले आहे. मी रोज रुग्णांचा पूर्वेतिहास लिहिते, त्यामुळे हे मला अगदी पटले.

आठवणीवर विसंबून नसलेले अभ्यास मी वेगळे काढले. डेन्मार्कमध्ये साडेतीन लाखांहून अधिक ग्राहकांची नोंद कर्करोग नोंदणीशी जोडून पाहिली गेली आणि २०११ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षात धोका वाढलेला आढळला नाही. मुलांविषयीचा मोबी-किड्स हा अभ्यास चौदा देशांत झाला आणि त्या चौदांत भारतही होता; दहा ते चोवीस वर्षे वयाच्या रुग्णांमध्ये फोनच्या वापराशी मेंदूच्या गाठींचा कार्यकारण संबंध त्यात दिसला नाही. गेल्याच महिन्यात प्रसिद्ध झालेला, जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा तर ६३ अभ्यासांचा आहे, आणि दहा वर्षांहून अधिक काळ फोन वापरणाऱ्यांमध्येही मेंदूच्या कर्करोगाशी संबंध नसल्याचे त्याचे निष्कर्ष आहेत. त्याच आढाव्यात टॉवरच्या लहरी आणि मुलांचा रक्ताचा किंवा मेंदूचा कर्करोग यांच्यातही संबंध आढळलेला नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा टाळायचा नाही असे ठरवले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात उंदरांच्या मोठ्या जातीतील नरांच्या हृदयाजवळ गाठी आढळल्या. त्या प्राण्यांना दोन वर्षे, दिवसातले नऊ तास, संपूर्ण शरीरावर, माणसाच्या मर्यादेहून कितीतरी जास्त तीव्रतेने लहरी दिल्या होत्या, आणि ज्यांना लहरी दिल्या नव्हत्या ते नर लहरी दिलेल्या नरांपेक्षा आधी मेले. हा प्रयोग मी फेटाळत नाही. टिपणात तो जसाच्या तसा लिहीन.

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर पहिल्यांदा बसलो. सरांनी नववी-दहावीच्या मुलांना घेऊन फळ्यावर हिशेब मांडला आणि मी तो उतरवून घेतला, कारण माझ्या मते संपूर्ण टिपणाचा कणा हाच आहे.

टॉवरवरील एका अँटेनाला ४० वॅट शक्ती दिली आणि तिने ती एका दिशेला पन्नास पट एकवटली असे धरले, तर त्या दिशेला ती २००० वॅटच्या बरोबरीची होते. दोनशे मीटरवर ही शक्ती पसरून दर चौरस मीटरला साधारण ०.००४ वॅट उरते. तीन पट्टे एकाच वेळी चालू आहेत असे मानले तर ०.०१२. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून ९०० मेगाहर्ट्‌झसाठी मर्यादा ०.४५ वॅट अशी आहे, जी आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे. म्हणजे झोत थेट शाळेवर रोखलेला आहे असे सर्वांत वाईट गृहीत धरूनही आकडा मर्यादेच्या पस्तीस ते चाळीस पट खाली येतो. प्रत्यक्षात अँटेनाचा झोत विजेरीसारखा समोर जातो आणि काही अंशच खाली झुकलेला असतो. सहा अंशांचा झुकाव धरला तर चाळीस मीटर उंचीवरून निघालेला झोत जमिनीला सुमारे ३८० मीटरवर टेकतो. टॉवरच्या थेट पायथ्याशी लहरी सर्वांत जास्त असतात, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

त्यानंतर सरांनी मुलांना ०.२ वॅटचा फोन एक मीटर अंतरावर ठेवून तोच हिशेब करायला लावला. उत्तर आले ०.०१६. पूर्ण शक्तीने बोलत असलेला फोन समोरच्या बाकावर ठेवला, तर तो टॉवरच्या त्या सर्वांत वाईट आकड्याहून थोडा जास्तच भरतो. आणि आपण तो एक मीटरवर ठेवत नाही, कानाला लावतो. इतक्या जवळ हे सूत्र चालत नाही. तिथे शरीरात किती शोषले गेले हे एसएआर या मापाने मोजतात, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी त्याची मर्यादा एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर दर किलोग्रॅमला १.६ वॅट आहे. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असे दाबले की बहुतेक फोनवर हा आकडा दिसतो. तो पूर्ण शक्तीवर घेतलेला असतो. चांगल्या सिग्नलमध्ये प्रत्यक्ष शोषण त्याच्या बरेच खाली राहते.

एका मुलीने विचारले की अंतर दुप्पट केले तर लहरी निम्म्या होतात का. चौथाई होतात, असे तिनेच सूत्रावरून काढून दाखवले. तिचा बाप विरोधकांत सर्वांत पुढे आहे. तिने हा हिशेब वहीत उतरवून घरी नेला, याचा मला फार आनंद झाला.

२० नोव्हेंबर २०२४

मतदान. केंद्रावर प्रथमोपचाराची ड्युटी होती. रांगेतल्या चौघांनी टॉवरचेच विचारले, आणि त्यांतल्या तिघांच्या गालात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, होता. सुपारी आणि तंबाखू ही दोन्ही आयएआरसीच्या पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गटात आहेत. मी ते शांतपणे सांगितले आणि तिघांनाही सोमवारी तोंडाच्या तपासणीला बोलावले. एक जण आला (२५ नोव्हेंबरला ही ओळ जोडली). त्याचे तोंड पूर्ण उघडत नाही. त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवले आहे.

१ डिसेंबर २०२४

कापसाची वेचणी सुरू असल्याने सभा न घेता वेचणाऱ्या बायकांमध्येच जाऊन बसलो. संपर्क कमी करण्याचे जे उपाय पुस्तकात आहेत ते आपल्याकडे कितपत चालतात, हे आशाताई पंधरा दिवसांपासून स्वतःवर करून पाहत आहेत. स्पीकर लावून फोन हातभर दूर धरणे सर्वांत सोपे, परंतु गरोदर बाईशी खासगी बोलायचे असते तेव्हा ते शक्य होत नाही. तिथे तारेचा इअरफोन उपयोगी पडतो. घरातल्या कोपऱ्याऐवजी ओट्यावर किंवा अंगणात येऊन बोलणे हा आमच्या मोजणीतून निघालेला उपाय आहे, आणि त्याने बोलणेही कमी तुटते, म्हणून तो आपोआप टिकला. बटनांचा फोन लागतालागता पूर्ण शक्तीने सुरू होतो आणि मग खाली येतो, त्यामुळे समोरच्याने उचलेपर्यंत तो कानाला लावायचा नाही. बसमध्ये बोलणे टाळायचे, कारण पत्र्याच्या डब्यातून फोनला जास्त जोर लावावा लागतो. ब्लाऊजमध्ये फोन ठेवण्याची सवय मात्र मोडत नाही. साडीला खिसा नसतो, हे त्यांचे उत्तर खरे आहे. एका ताईंनी कापडी पिशवी शिवून कमरेला बांधली आहे आणि आता तशा आणखी चार पिशव्यांची मागणी आली आहे.

हे सगळे सावधगिरी म्हणून आहे, सिद्ध झालेल्या रोगाचा बचाव म्हणून नाही, असे प्रत्येक वेळी स्पष्ट सांगितले.

२२ डिसेंबर २०२४

आज दोन गोष्टी आल्या. एका घरात फोनच्या पाठीवर 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर चिकटवलेले दिसले, आठवडी बाजारातून शंभर रुपयांना घेतलेले. स्टिकरने लहरी खरोखर अडवल्या असत्या तर फोन लागलाच नसता, आणि अर्धवट अडवल्या असत्या तर फोनने अधिक जोर लावला असता. दोन्ही बाजूंनी ते निरुपयोगी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये गोमयापासून केलेल्या चिपबद्दल असाच दावा झाला होता, तेव्हा सहाशेहून अधिक वैज्ञानिकांनी त्याचा पुरावा मागितला होता. गायीबद्दल ज्यांच्या मनात श्रद्धा आहे त्यांनाही मी हेच सांगते की श्रद्धेला अशा आधाराची गरज नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गेल्या वर्षी पेसमेकर बसवलेले एक काका फोन डाव्या खिशात, थेट यंत्रावर ठेवत होते. इथे धोका कर्करोगाचा नाही. फोनमधल्या चुंबकांचा आणि लहरींचा यंत्राच्या कामात अडथळा येऊ शकतो. फोन किमान १५ सेंटीमीटर दूर आणि बोलताना उजव्या कानाला, असे काकूंसमोर सांगितले, कारण काका विसरतील.

झोप न लागणे, डोके दुखणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मला बराच छळत होता. लहरी आपल्याला जाणवतात असे सांगणाऱ्यांवर, लहरी चालू की बंद हे रुग्णालाही आणि तपासणाऱ्यालाही न कळू देता जे प्रयोग झाले, त्यांत त्यांना दोन्हींतला फरक ओळखता आला नाही. तक्रारी मात्र दोन्ही वेळा खऱ्या होत्या. म्हणून अशा माणसाला 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवायचे नाही, त्याचे हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि उशाशी रात्री एकपर्यंत चालणारा मोबाईल, हे सगळे बघायचे.

१२ जानेवारी २०२५

टिपण लिहून झाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेर येथील एक टॉवर एका कर्करुग्णाच्या तक्रारीवरून बंद करायला लावला होता, आणि पालक त्याचा दाखला देतात. तो आदेश एका टॉवरपुरता होता आणि टॉवरने कर्करोग होतो असा निष्कर्ष त्यात नाही, हे टिपणात घेतले. शासनाच्या तरंग संचार संकेतस्थळावर कोणत्याही टॉवरची नोंद नागरिकाला पाहता येते आणि चार हजार रुपये भरून प्रत्यक्ष मोजणीही मागता येते. ही रक्कम एका घराला परवडणारी नाही, म्हणून ती ग्रामनिधीतून भरावी असे सुचवले आहे.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. ना हरकत बहुमताने मंजूर झाली, तीन अटींसह: टॉवर सुरू होण्याआधी, प्रारणे मर्यादेत असल्याच्या कंपनीच्या स्वयंप्रमाणपत्राची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, जनरेटर शाळेच्या विरुद्ध बाजूला बसवणे, आणि सुरू झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ग्रामनिधीतून अधिकृत मोजणी शाळेच्या पटांगणातच करून घेणे. तिसरी अट विरोधी पालकांनी मांडली आणि मी तिला अनुमोदन दिले. त्या मुलीच्या वडिलांनी तरीही विरोधात हात वर केला. सभेनंतर ते स्वतःहून जवळ आले आणि मोजणीच्या दिवशी हजर राहता येईल का असे त्यांनी विचारले. त्यांचे नाव साक्षीदार म्हणून आधीच लिहून घेतले आहे.

ऑक्टोबरमध्ये मोजलेल्या त्याच सात जागांवर, त्याच फोनवर, टॉवर सुरू झाल्यानंतर पुन्हा आकडे घ्यायचे आहेत. संत्र्याच्या बागेचे आणि नाल्याकाठचे आकडे सरांनी डिसेंबरात पुन्हा घेऊन भरले. समोरचे सात रकाने रिकामे आखून ठेवले आहेत.